एक डिस्क गेल्यानंतरचे बावीस तास

नागपूर हे डेटा सांभाळणाऱ्यांचं शहर आहे. भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय इथे आहे. देशभरच्या मातीचे नकाशे तयार करणारी राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था अमरावती रोडवर आहे. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे. उपग्रहांच्या चित्रांवरून राज्याची जमीन, पाणी आणि जंगल यांचा हिशेब ठेवणारं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, म्हणजे एमआरसॅक, व्हीएनआयटीच्या आवारात आहे. अशा संस्थांकडे सर्व्हर सांभाळायला वेगळी माणसं असतात. हा लेख मुख्यतः ज्यांच्याकडे तशी माणसं नसतात त्यांच्यासाठी आहे: धंतोलीतलं सीटी स्कॅन सेंटर, रामदासपेठेतलं सीएचं ऑफिस, इतवारीतला ठोक व्यापारी, लग्नांचे व्हिडिओ जपून ठेवणारा स्टुडिओ. त्यांच्याकडेही आता टेबलाखाली किंवा कपाटावर एक पेटी असते आणि तिच्यात दोन, चार, कधी सहा हार्डडिस्क असतात. बसवून देणारा जाताना सांगतो, "एक डिस्क उडाली तरी काही होत नाही."

त्याचं म्हणणं बरोबर आहे, पण अपुरं आहे. एक डिस्क उडाली तरी काही होत नाही, ते दुसरी उडेपर्यंत. मधल्या काळात काय करायचं, तो काळ किती लांब असतो आणि तेवढ्यात काय काय बिघडू शकतं, हे मालकाला कोणी सांगत नाही. मग एका सकाळी ऑफिसातला मुलगा येऊन म्हणतो, "भाऊ, ती पेटी कधीची टी-टी करून राहिली." बघावं तर टॅली उघडते आहे, फाइली दिसत आहेत, प्रिंट निघते आहे. काम अडलेलं नसल्यामुळे आवाज बंद करायचं बटण दाबलं जातं आणि विषय रिटर्न भरण्याची मुदत संपेपर्यंत पुढे ढकलला जातो. पेटी त्या दिवसापासून आधाराशिवाय चालू असते. तांत्रिक भाषेत तिला 'डिग्रेडेड' म्हणतात.

या व्यवस्थेचं नाव रेड. तिची मांडणी १९८८ साली झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी शिकागोच्या एका परिषदेत निबंध वाचला. त्या काळी बँका आणि सरकारी खाती एकच अवाढव्य, महागडी डिस्क वापरत. आयबीएमची ३३८० ही त्यातली नामांकित. तिच्यात ७,५०० एमबी मावत. दुसरीकडे पर्सनल कॉम्प्युटरसाठी कॉनर कंपनीची १०० एमबीची छोटी, स्वस्त डिस्क बाजारात आली होती. तिघांनी विचारलं, एका मोठ्या डिस्कऐवजी अशा पाऊणशे छोट्या डिस्क एकत्र लावल्या तर? क्षमता तेवढीच आणि वेग कितीतरी जास्त, कारण सगळ्या एकाच वेळी वाचू-लिहू शकतात.

अडचणही त्यांनी लगेच मांडली. एका छोट्या डिस्कचं सरासरी आयुष्य ३०,००० तास धरलं, तर शंभर डिस्कच्या संचातली कोणती तरी एक सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत जाणार. असा संच कोण वापरेल? त्यावरचा उपाय म्हणून काही डिस्क जादा लावायच्या आणि त्यांच्यावर अशी माहिती ठेवायची, की गेलेल्या डिस्कवरचा मजकूर उरलेल्यांवरून परत काढता यावा. ही कल्पना त्यांच्याही आधीची आहे. आयबीएमच्या नॉर्मन केन ओउची यांना १९७८ मध्येच तिच्यावर पेटंट मिळालं होतं. बर्कलीच्या तिघांनी तिच्या निरनिराळ्या रचनांना क्रमांक दिले, हिशेब मांडला आणि ती जगाला पटवून दिली.

त्या हिशेबातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. डेटा किती काळ सुरक्षित राहील याचं जे सूत्र त्यांनी मांडलं, त्यात दुरुस्तीचा वेळ छेदस्थानी येतो. दुरुस्तीला दुप्पट वेळ लागला की डेटा टिकण्याची सरासरी मुदत निम्म्यावर येते. निबंधातल्या आकडेमोडीत हा दुरुस्तीचा वेळ धरला होता एक तास. तेव्हा ते वाजवीच होतं. १०० एमबीची ती डिस्क सेकंदाला एक एमबी वेगाने वाचता येई, म्हणजे शंभर सेकंदांत पूर्ण. आजची १६ टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबी वेगाने सलग लिहिली, तरी ८०,००० सेकंद लागतात. म्हणजे बावीस तास. क्षमता एक लाख साठ हजार पट वाढली आणि वेग वाढला फक्त दोनशे पट. आजच्या रेडच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ या तफावतीत आहे.

आता गेलेला मजकूर परत कसा मिळतो ते पाहू. यात गूढ काही नाही, शाळेतलं सम आणि विषम पुरेसं आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला क्रमांक असतो. 'नागपूर' या शब्दातली न, ग, प, र ही चार व्यंजनं घ्या. त्यांच्या क्रमांकांचा पहिला अर्धा भाग सारखाच आहे, म्हणून उरलेले आठ बिट तेवढे लिहितो. प्रत्येक अक्षर एका वेगळ्या डिस्कवर आहे असं समजा.

न: ००१० १०००
ग: ०००१ ०१११
प: ००१० १०१०
र: ००११ ००००

आता पाचव्या डिस्कवर काय लिहायचं? प्रत्येक उभ्या रांगेतले एक मोजा. संख्या विषम असेल तर खाली १ लिहा, सम असेल तर ०. उत्तर येतं:

पॅरिटी: ००१० ०१०१

या ओळीमुळे प्रत्येक उभ्या रांगेतल्या एकांची संख्या आता सम झाली. समजा, 'ग' असलेली डिस्क गेली. उरलेल्या चार ओळींवर तोच खेळ पुन्हा करा. तिसऱ्या रांगेत न, प, र आणि पॅरिटी मिळून चार एक आहेत, म्हणजे सम, म्हणून हरवलेला बिट ०. चौथ्या रांगेत एकट्या 'र'चा १ आहे, विषम, म्हणून हरवलेला बिट १. असं शेवटपर्यंत गेलात की ०००१ ०१११ मिळतं. तो आपला 'ग'. कागदावर एकदा करून पाहाच, दोन मिनिटं लागतात आणि मग ही पेटी नेमकं काय करते ते कायमचं लक्षात राहतं. कोणतीही एक ओळ पुसा, पॅरिटीची पुसली तरी चालेल, ती परत मिळते. दोन ओळी पुसल्या तर काहीच मिळत नाही.

रेड ५ मध्ये नेमकं हेच होतं. फरक इतकाच, की पॅरिटी एकाच डिस्कवर न ठेवता आळीपाळीने सगळ्यांवर पसरतात, म्हणजे एकीवरच लिहिण्याचा भार येत नाही. रेड १ त्याहून सोपी: दोन डिस्क, दोन्हींवर तोच मजकूर. रेड १० म्हणजे अशा जोड्यांचा संच. रेड ० मध्ये जादा काही ठेवलेलंच नसतं, एक गेली की सगळं गेलं, त्यामुळे महत्त्वाच्या मजकुरासाठी तिचा विचारही करू नये. रेड ६ मध्ये पॅरिटीच्या जोडीला दुसरं, वेगळ्या गणिताने काढलेलं समीकरण असतं. दोन अज्ञात असली तरी दोन समीकरणांवरून ती सुटतात, म्हणून कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी चालतं. या दुसऱ्या समीकरणासाठी सहसा वापरतात ते गणित अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलं होतं. चहाच्या टपरीवरचा क्यूआर कोड थोडा फाटला, त्यावर डाग पडला, तरी मोबाइल तो वाचतो, तेही याच गणिताच्या जोरावर.

पॅरिटीची किंमत रोजच्या कामातही मोजावी लागते. रेड ५ मध्ये एक छोटी नोंद बदलायची तर जुनी नोंद वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवी नोंद लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशी चार कामं होतात. बँकेसारख्या ठिकाणी, जिथे सेकंदाला शेकडो छोट्या नोंदी बदलतात, तिथे हे जड जातं. १९९२ मध्ये आयबीएममध्ये असताना अनुपम भिडे आणि डॅनियल डायस यांनी नेमक्या याच प्रश्नावर, व्यवहार-प्रणालींसाठी रेड कशी रचावी यावर, संशोधन अहवाल लिहिला होता. हेच भिडे पुढे कॅलसॉफ्ट या सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. साठवणीच्या तंत्रावर पुण्यात गेली कित्येक वर्षं जे काम होत आलं आहे, त्यात या कंपनीचा आणि व्हेरिटासच्या तिथल्या केंद्राचा वाटा मोठा आहे.

आता रिबिल्डकडे, म्हणजे गेलेली डिस्क पुन्हा बांधून काढण्याकडे. गेलेली डिस्क काढली, नवी बसवली, पेटीने तिला ओळखलं की काम सुरू होतं. उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचल्या जातात, वरचं सम-विषम प्रत्येक रांगेला लावलं जातं आणि उत्तर नव्या डिस्कवर लिहिलं जातं. जुन्या पद्धतीच्या रेडला फाइली कळत नाहीत, फक्त सेक्टर कळतात. त्यामुळे पेटी निम्मी रिकामी असली तरी रिकामी जागासुद्धा इमानेइतबारे बांधून काढली जाते. झेडएफएससारख्या प्रणालीला कुठे मजकूर आहे ते माहीत असतं, म्हणून ती तेवढाच भाग बांधते.

लिनक्सवर चालणाऱ्या पेटीत, आणि बाजारातल्या बहुतेक छोट्या पेट्या आतून लिनक्सच असतात, एमडीस्टॅट नावाच्या फाइलमध्ये ही प्रगती दिसते. चार डिस्कपैकी तिसरी गेली असेल तर चौकटी कंसात यू, यू, एक आडवी रेघ आणि पुन्हा यू असं दिसतं. जी डिस्क धड आहे तिचा यू, जी नाही तिच्या जागी रेघ. त्याखाली किती टक्के झालं, किती मिनिटं उरली आणि वेग किती, हे येतं. रिबिल्डचा वेग किती असावा याच्या दोन मर्यादाही लिनक्समध्ये ठरलेल्या असतात. लोक पेटी वापरत असतील तर रिबिल्ड मागे सरतं, पण प्रत्येक डिस्कमागे सेकंदाला साधारण एक एमबीच्या खाली जात नाही. वरची मर्यादा साधारण २०० एमबी. म्हणजे दिवसभर आठ जण त्याच पेटीवर काम करत राहिले, तर बावीस तासांचं काम तीन-चार दिवसांवरही जाऊ शकतं. म्हणून शक्य असेल तर रिबिल्ड शनिवारी संध्याकाळी सुरू करावं आणि सोमवारपर्यंत पेटीला हात लावू नये.

एवढ्या वेळात दुसरी डिस्क जाण्याची शक्यता किती? साधा हिशेब केला तर नगण्य वाटते. पण तो हिशेब प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणे बिघडते असं धरून चालतो, आणि ते खरं नाही. चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, बहुधा एकाच खोक्यातून आलेल्या असतात. एकाच उन्हाळ्यात तापलेल्या, एकाच विजेचे झटके खाल्लेल्या, तेवढेच तास फिरलेल्या. रेडच्या मूळ निबंधाचे एक लेखक गार्थ गिब्सन यांनीच बियान्का श्रोडर यांच्याबरोबर २००७ मध्ये मोठ्या संगणक केंद्रांच्या नोंदी तपासल्या. डिस्क बदलण्याचं वार्षिक प्रमाण सर्रास २ ते ४ टक्के होतं आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत गेलं होतं, कंपन्यांच्या कागदावरच्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त. शिवाय या घटना सुट्या सुट्या येत नव्हत्या, एक आली की पाठोपाठ आणखी येण्याचा कल दिसत होता.

त्याहून दबा धरून बसलेला धोका वेगळाच आहे. डिस्क चालू असते, पण तिच्यावरचे काही सेक्टर वाचता येत नाहीसे झालेले असतात आणि कोणाला पत्ता नसतो, कारण तो भाग कोणी उघडलेलाच नसतो. पाच वर्षांपूर्वीच्या लग्नाचा व्हिडिओ कोण रोज पाहतो? रिबिल्ड मात्र प्रत्येक सेक्टर वाचतं, आणि त्या वेळी आधाराला दुसरी प्रत नसते. लक्ष्मी बैरवसुंदरम आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्येच १५ लाखांहून अधिक डिस्कचा ३२ महिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ३.४५ टक्के डिस्कवर असे लपलेले सेक्टर सापडले. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, की १०० लाख कोटी बिट वाचताना एखादी चूक होऊ शकते. म्हणजे साडेबारा टीबीला एक. आठ टीबीच्या चार डिस्कची पेटी रेड ५ वर असेल तर रिबिल्डला २४ टीबी वाचावे लागतात. या आकड्यावरून काहींनी रेड ५ संपल्याची घोषणाच केली होती. मला ते टोकाचं वाटतं. तो आकडा कंपनीने दिलेली कमाल मर्यादा आहे आणि धडधाकट डिस्क त्याहून पुष्कळ चांगल्या चालतात. पण वर्षानुवर्षं ज्यांची तपासणी झाली नाही अशा डिस्कच्या बाबतीत ती भीती खरी ठरते. असा सेक्टर लागला की काही पेट्या रिबिल्ड तिथेच सोडून देतात. झेडएफएस बिघडलेल्या फाइलचं नाव सांगते आणि पुढे जाते.

यावर स्क्रबिंग हा उपाय आहे. सगळं काही ठीक असतानाच पेटीला अधूनमधून प्रत्येक सेक्टर वाचायला लावायचं. एखादा सेक्टर बिघडलेला आढळला तर पॅरिटी शाबूत असते, तेवढा भाग लगेच दुरुस्त होतो. डेबियन लिनक्समध्ये ही तपासणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होते. तयार पेट्यांमध्ये ती सोय असते, पण कित्येकदा ती चालू केलेली नसते. यासाठी पैसे लागत नाहीत.

नवी डिस्क कोणती आणता यावरही बरंच अवलंबून आहे. घरगुती डिस्कला एखादा सेक्टर वाचता आला नाही तर ती बराच वेळ पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, कधी मिनिटाहून जास्त. लिनक्स साधारण ३० सेकंद वाट पाहतं आणि मग डिस्क गेली असं समजून तिला बाहेर काढतं. पेटीसाठी बनवलेल्या डिस्क सात सेकंदांच्या आसपास हार मानतात आणि तो सेक्टर पॅरिटीवरून भरून घेऊ देतात. घरगुती डिस्क घातलेल्या पेट्यांमध्ये 'फेल' झालेल्या कित्येक डिस्क प्रत्यक्षात मेलेल्या नसतात, त्या फक्त उशिरा उत्तर देतात.

दुसरी गोष्ट, ट्रॅकची रचना. काही डिस्कमध्ये जास्त मजकूर मावावा म्हणून ट्रॅक कौलांसारखे एकावर एक थोडे चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी उचलावी लागतात, तसंच इथे होतं. त्यामुळे सलग, तासन्‌तास लिहिण्याच्या कामात या डिस्क रखडतात आणि रिबिल्ड म्हणजे नेमकं तेच काम. २०२० मध्ये नॅससाठी, म्हणजे अशाच पेट्यांसाठी म्हणून विकल्या गेलेल्या काही डिस्क या प्रकारच्या निघाल्या, तेव्हा जगभर मोठा गदारोळ झाला आणि कंपन्यांना कोणती डिस्क कोणत्या प्रकारची ते जाहीर करावं लागलं. चढवलेल्या ट्रॅकच्या डिस्कला एसएमआर म्हणतात, साध्या ट्रॅकच्या डिस्कला सीएमआर. दुकानात 'एसएमआर आहे की सीएमआर' एवढं विचारा आणि सीएमआरच घ्या. क्षमता जुन्या डिस्कएवढी किंवा जास्त हवी, एक एमबीसुद्धा कमी चालत नाही.

आता नागपूरच्या हवेबद्दल. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. बहुतेक डिस्कची चालण्याची मर्यादा ६० अंश असते, पण ती डिस्कच्या अंगची, खोलीची नव्हे. एसी बंद, खिडक्या बंद अशा रविवारच्या ऑफिसात, लाकडी कपाटात ठेवलेली पेटी सलग बावीस तास पूर्ण जोराने चालली तर ती मर्यादा दूर नसते. गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात उष्णतेचा परिणाम समजला जातो त्यापेक्षा कमी दिसला होता. पण गूगलच्या केंद्रातली हवा ही विदर्भाच्या उन्हाळ्यातली हवा नव्हे. रिबिल्डच्या रात्री एसी चालू ठेवा, विजेचं बिल नव्या डिस्कपेक्षा स्वस्त पडतं.

एसी नाही म्हणून कूलर लावू नका, हे मी आवर्जून सांगतो, कारण आपल्याकडे कूलर हा उन्हाळ्याचा पहिला उपाय असतो. मायक्रोसॉफ्टच्या नऊ डेटा सेंटरांमधल्या दहा लाखांहून अधिक डिस्कचा एक अभ्यास २०१६ मध्ये आला. डिस्क बिघडण्याशी तापमानापेक्षा हवेतल्या दमटपणाचा संबंध जास्त निघाला. बिघाड मुख्यतः डिस्कच्या सर्किटमध्ये आणि जोडणीत होत होता. कूलर खोली थंड करतो ती पाणी हवेत सोडून, आणि सोबत धूळही आणतो. माणसासाठी तो उत्तम आहे, पेटीच्या खोलीत त्याला जागा नाही.

विजेचंही तसंच. एका बाजूला मजकूर लिहिला गेला आणि पॅरिटी लिहायच्या आत वीज गेली, तर दोन्हींचा मेळ बसत नाही. हे लगेच कळत नाही, पुढे कधीतरी त्याच रांगेवरून डिस्क बांधायची वेळ आली की चुकीचा मजकूर बांधला जातो. म्हणून यूपीएस हवाच, आणि त्याची बॅटरी तपासलेली हवी. शिसं-आम्ल बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. आपल्याकडे पाच वर्षं टिकेल म्हणून घेतलेली बॅटरी त्याआधीच दम सोडते.

तर पेटी वाजायला लागली की काय करावं? आधी आवाज बंद करा, पण पेटी बंद करू नका. जी डिस्क कशीबशी फिरते आहे ती बंद होऊन पुन्हा सुरू होईलच असं नाही. मग सगळ्यात महत्त्वाचा मजकूर, चालू वर्षाचे हिशेब, रुग्णांचे रिपोर्ट, अजून ग्राहकाला न दिलेले फोटो, बाहेरच्या एका डिस्कवर उतरवून घ्या. नवी डिस्क बसवण्याच्या आधी, नंतर नाही. ही प्रत निघाली की पुढचं सगळं निवांतपणे करता येतं.

त्यानंतर गेलेली डिस्क ओळखा. इथे अनुभवी माणसंही फसतात. पडद्यावर 'डिस्क ३' लिहिलेलं असतं, मोजणी शून्यापासून आहे की एकापासून, डावीकडून आहे की वरून, हे गृहीत धरलं जातं आणि चांगली डिस्क बाहेर येते. रेड ५ असेल तर त्या क्षणी दोन डिस्क नाहीशा झाल्या आणि पेटी थांबली. पडद्यावर प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर दिसतो. तो कागदावर लिहा, डिस्कच्या लेबलशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. पेटी नवी असतानाच प्रत्येक कप्प्यावर नंबराची चिठ्ठी चिकटवली असेल तर त्या दिवशी तुम्ही स्वतःचे आभार मानाल.

आणि रिबिल्ड चालू असताना दुसरी डिस्क गेलीच, तर हात आवरा. पडद्यावर 'इनिशियलाइज' किंवा 'नवा संच तयार करा' असं बटण येईल. ते दाबलं की उरलेली आशाही पुसली जाते. पेटी बंद करा, प्रत्येक डिस्कवर तिच्या जागेचा क्रमांक लिहा आणि जाणकाराकडे न्या. तो आधी प्रत्येक डिस्कची हुबेहूब नक्कल करेल. डीडीरेस्क्यू नावाची मोफत प्रणाली आधी सहज वाचता येणारा भाग उचलते आणि अडलेल्या जागी नंतर परत येते. पुढचे सगळे प्रयोग नकलांवर होतात. नक्कल न करता मूळ डिस्कवरच प्रयोग करायला निघालेल्या माणसाला तुमची पेटी देऊ नका.

नवी पेटी घ्यायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे. आठ टीबी किंवा त्याहून मोठ्या चार डिस्क असतील तर रेड ५ घेऊ नका. रेड ६ आणि रेड १० दोन्हींत निम्मी जागा हाती लागते. रेड ६ मध्ये कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी चालतं. रेड १० मध्ये एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर डेटा जातो, पण रिबिल्ड म्हणजे जोडीदाराची सरळ नक्कल, बाकीच्यांवर ताण नाही. हिशेबाच्या छोट्या नोंदींसाठी रेड १० आणि मोठ्या फाइली वर्षानुवर्षं ठेवायच्या तर रेड ६, अशी निवड मी करेन.

हजारो डिस्कच्या केंद्रांत हाच प्रश्न वेगळं रूप घेतो. तिथे रोजच काही ना काही गेलेलं असतं. २०१३ मध्ये के. व्ही. रश्मी आणि सहकाऱ्यांनी फेसबुकच्या एका साठवण-केंद्राचा अभ्यास मांडला. हरवलेले तुकडे परत बांधण्यासाठीच तिथे दिवसाला १८० टीबीहून अधिक डेटा एका रॅकमधून दुसरीकडे हलत होता. रश्मी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. विजय कुमार यांच्याकडे शिकलेल्या. दुरुस्तीसाठी सगळं न वाचता थोडंच वाचून काम भागेल अशी संकेतपद्धत कशी रचायची, यावर या संस्थेत झालेलं काम जगात नावाजलं गेलं. तिथल्या संशोधकांचा सहभाग असलेली क्ले संकेतपद्धत २०१८ मध्ये पुढे आली आणि सेफ या मुक्त प्रणालीत आता ती वापरता येते.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. रेड तुम्हाला डिस्क बिघडण्यापासून वाचवते, बाकी कशापासूनही नाही. चुकून पुसलेली फाइल सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. रॅन्समवेअरने कुलूपबंद केलेला मजकूर पॅरिटीसकट कुलूपबंद होतो. आणि पाणी डिस्क मोजत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी फुगली आणि आजूबाजूच्या वस्त्यांच्या तळमजल्यांत लोक झोपेत असताना पाणी शिरलं. अशा पाण्यात टेबलाखालच्या पेटीतल्या चारही डिस्क एकदम जातात, मग तिथे रेड ५ असो की रेड ६. दक्षिण कोरियाच्या दैजॉन शहरात २६ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळे आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवणाऱ्या जी-ड्राइव्हवरचा ८५८ टीबी डेटा गेला, कारण त्याची दुसरीकडे प्रत नव्हती. एवढ्या पुढारलेल्या देशाचं हे झालं. तुमची एक प्रत दुसऱ्या इमारतीत, शक्य तर दुसऱ्या शहरात हवी, आणि तळमजल्यावर नको.

डिस्क आधी सूचना देईल यावरही विसंबू नका. गूगलच्या त्याच अभ्यासात मोडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी 'स्मार्ट' नावाच्या स्वयंतपासणीत कसलाही इशारा दिलेला नव्हता. पण इशारा आला तर तो गंभीरपणे घ्या. तपासणीत पहिली चूक दिसल्यानंतरच्या ६० दिवसांत अशी डिस्क मोडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली होती. अशी डिस्क मरेपर्यंत थांबू नका, सगळं ठीक चालू असतानाच बदला. तेव्हा आधाराला पॅरिटी शाबूत असते.

हे वाचून झाल्यावर आजच तीन कामं करा. पेटीचा पासवर्ड शोधून आत जा आणि इशाऱ्याचा ई-मेल कोणाच्या पत्त्यावर जातो ते पाहा. कित्येक ठिकाणी तो नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा असतो. महिन्याची स्क्रबिंग चालू करा. आणि बॅकअपमधून एक जुनी फाइल खरोखर परत काढून, उघडून पाहा. ती उघडली नाही तर तुमच्याकडे बॅकअप नाही असं समजून उद्याच कामाला लागा.